१२, २४ की ४८? आमच्या घरच्या सोलरचं व्होल्टेज ठरवताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि संध्याकाळपर्यंत दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत विजेचा एक खांब सरळ उभा राहिला नाही. माड, पोफळी, आंब्याची कलमं, सगळं तारांवर पडलेलं. वीज परत आली ती सव्विसाव्या दिवशी. पाणी रहाटाने काढलं, मोबाईल शेजाऱ्यांच्या गाडीत चार्ज केले, त्याचं एवढं काही नाही. घोर लागला तो सासूबाईंच्या इन्सुलिनचा. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, आतल्या मडक्यात कुप्या, अशी सोय केली. दर तीन तासांनी वाळूवर पाणी मारायचं आणि आत हात घालून बघायचं. जूनच्या त्या दमट हवेत आत खरंच गार आहे की आपल्या हाताला तसं वाटतंय, ते कळत नव्हतं.

वीज आली त्याच रात्री ठरवलं की पुढच्या वादळात घरातला फ्रिज चालू राहिला पाहिजे. पुढे जे काही केलं, ते या एका वाक्यासाठी.

हल्ली लोक विचारतात, अनुदानाचं सोलर का नाही बसवलंत? पीएम सूर्यघर योजना आली २०२४ च्या फेब्रुवारीत, आमचं काम त्याच्या तीन वर्षं आधीचं. योजना चांगलीच आहे, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि बिल खूप खाली येतं. पण साधारणपणे त्यात बसतं ते ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो, आणि तो व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून शॉक बसेल. म्हणजे बाहेर ऊन रणरणतंय आणि घरात फ्रिज बंद. आम्हाला बॅटरीवरचंच सोलर हवं होतं.

घरात एक १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि ११०० व्हीएचा (इन्व्हर्टर किती लोड पेलतो त्याचं माप, हजार व्हीए म्हणजे एक केव्हीए) इन्व्हर्टर आधीपासून होता. त्यामुळे २०२० च्या दिवाळीत सुरुवात केली ती त्याच्यावरच. १५० वॉटची दोन पॅनल, छत्तीस सेलची, ज्यांना दुकानात '१२ व्होल्टचं पॅनल' म्हणतात ती, आणि एक साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारी पेटी, त्यातला साधा प्रकार. कौलांवर फणसाची सावली येते म्हणून पॅनल अंगणाच्या पलीकडे लोखंडी स्टँडवर लावली. तिथून बॅटरीपर्यंत वायर बावीस मीटर. बॅटरी घरात आहे, ती १२ व्होल्टची आहे, म्हणून सोलरही १२ व्होल्टचं. व्होल्टेज निवडायची गोष्ट असते हेच तेव्हा डोक्यात नव्हतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विद्युतधारेचे परिणाम हा दहावीचा धडा दरवर्षी शिकवते. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! त्या वाक्याचा अर्थ मला जानेवारी २०२१ मध्ये बोटांना कळला.

सकाळची वेळ होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मिक्सरवर वाटण लावत होत्या. फ्रिज चालू, दोन पंखे, टीव्ही. मिक्सर फिरला की इन्व्हर्टर किंचाळायचा आणि वीसेक सेकंदांत घर बंद. बॅटरी तर भरलेली दाखवत होती. वायरिंगचं काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला बोलावलं. त्याने डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणला होता. (बहुतेक वायरमनकडे असतो तो क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या वायरला लावला तर शून्य दाखवतो. घ्यायचा झाला तर डीसीवाला मागून घ्या.) मिक्सर लावायला सांगून त्याने वायरीभोवती क्लॅम्प घातला. ८० अँपिअर.

मग मल्टिमीटर घेऊन दोन ठिकाणी मोजलं. बॅटरीच्या पोलवर ११.५ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकाला १०.६. दीड मीटरच्या वायरीत जाता-येता ०.९ व्होल्ट गायब. इन्व्हर्टरला वाटत होतं बॅटरी संपली, म्हणून तो बंद होत होता.

"बाई, इथे हात लावून बघा जरा," तो म्हणाला.

पॉझिटिव्हचा लग होता. तांब्याचा, टोकाला भोक असलेला, नटाखाली आवळलेला. मी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. त्याच्यावरची लाल स्लीव्ह एका बाजूने तपकिरी होऊन सुरकुतली होती. कधीतरी कुणीतरी तो लग क्रिंपिंग टूल, म्हणजे लग तारेवर घट्ट दाबायचं अवजार, न वापरता पक्कडीने दाबून बसवला होता. आत तारांचा आणि लगचा नीट संबंधच नव्हता.

संध्याकाळी वही घेऊन बसले. लगच्या सांध्यात समजा ५ मिलिओहम रोध आहे. साध्या मीटरवर धड दिसणारही नाही इतका कमी. ८० चा वर्ग ६४००, गुणिले ०.००५, म्हणजे ३२ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. आमच्या बॅटरीच्या पोलवर, आईंच्या देवघराच्या भिंतीपलीकडे, त्याहून मोठी सोल्डरिंग आयर्न मिक्सर चालू असेपर्यंत तापत होती. तोच सांधा, तोच खराब लग, पण बॅटरी २४ व्होल्टची असती तर तेवढ्याच कामाला ४० अँपिअर लागले असते. ४० चा वर्ग १६००, गुणिले ०.००५, ८ वॉट. व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा, उष्णता चौथाई. शिवाय वायरीत पडणारे ०.९ व्होल्ट निम्म्यावर आले असते, आणि तेही १२ तून नाही तर २४ तून वजा झाले असते.

लग बदलून काम भागलं असतं का? त्या दिवसापुरतं भागलं असतं. त्याने नवीन लग टूलने दाबून बसवलेही. पण मला आता पॅनलच्या बाजूचाही संशय आला. दुपारी बारा वाजता अंगणात जाऊन पॅनलपाशी मोजलं तर १६.८ व्होल्ट, कंट्रोलरपाशी १३.६. बावीस मीटर जायचे, बावीस यायचे, ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि त्यातून १६ अँपिअर. तीन व्होल्ट वाटेतच सांडत होते. कंट्रोलरकडे काही उरतच नव्हतं, आणि घरात पंखे-फ्रिज चालू असताना बॅटरी काही केल्या १४.४ ला, म्हणजे पूर्ण भरतानाच्या व्होल्टेजला, पोचत नव्हती. ट्युब्युलर बॅटरी रोज अर्धवट भरत राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि दोन-तीन वर्षांत ती जाते.

मग घरातलं प्रत्येक उपकरण वहीत उतरवलं. फ्रिजचा अंदाज धरला नाही, प्लगमध्ये लावायचा युनिट मोजणारा छोटा मीटर मागवून चोवीस तास लावून ठेवला : ०.९ युनिट. साधे पंखे ७५ वॉटचे होते, ते काढून तीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे घेतले, ३० वॉटचे. सोलरचा एक रुपया खर्च करायच्या आधी हे पंखे बदला, असं मी आता सगळ्यांना सांगते. तीन पंखे दहा तास, ०.९ युनिट. ९ वॉटचे सहा दिवे पाच तास, ०.२७. टीव्ही ०.२४, राउटर दिवस-रात्र ०.२४, मिक्सर आणि किरकोळ ०.१. सगळं मिळून दिवसाला २.६५ युनिट, त्यातले अंधार पडल्यावरचे साधारण २.

पण व्होल्टेज या बेरजेवरून ठरत नाही, हे समजायला मला आठवडा लागला. दिवसाला किती युनिट लागतात त्यावरून बॅटरी किती मोठी ते ठरतं. व्होल्टेज ठरतं एका क्षणी जास्तीत जास्त किती वॉट लागणार यावरून. आमचा तो क्षण म्हणजे सकाळचं वाटण : मिक्सर, फ्रिज, पंखे, टीव्ही मिळून ७५० वॉट. पुढे घरात काही ना काही वाढणार म्हणून १२०० धरले. १२०० वॉटला १२ व्होल्टवर १०० अँपिअर, २४ वर ५०, ४८ वर २५. इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते वेगळं. शंभर अँपिअर वाहायचे तर ३५ स्क्वेअर एमएमची बोटाएवढी जाड वायर हवी, तसेच लग हवेत, तेवढा फ्यूज हवा. वाडीत कुणाकडे ३५ चं क्रिंपिंग टूल नाही. त्यामुळे १२ व्होल्टचा निकाल तिथेच लागला. नुसते दिवे, पंखे आणि मोबाईल चार्जिंग असतं तर मी १२ वरच थांबले असते आणि ते योग्यच झालं असतं.

तालुक्याच्या गावात दुकानात गेलं की व्होल्टेज कुणी विचारत नाही. विचारतात, "सिंगल बॅटरी की डबल?" सिंगल म्हणजे १२, डबल म्हणजे २४, चार बॅटऱ्यांचा म्हणजे ४८. एका दुकानदाराने मला ४८ चाच घ्या म्हणून फार आग्रह केला. "बाई, पुढे एसी लावाल, पंप लावाल, आत्ताच ५ केव्हीएचा घेऊन टाका." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मोठा लोड असेल तर ४८ च बरोबर. त्या रात्री मीही जवळजवळ तयार झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्या ५ केव्हीएच्या इन्व्हर्टरचं माहितीपत्रक नीट वाचलं. एका ओळीत नो-लोड कन्झम्प्शन ५० वॉट लिहिलेलं होतं. म्हणजे घरात एक दिवाही लावलेला नसला तरी तो नुसता चालू राहण्यासाठी ५० वॉट खाणार. चोवीस तासांचे १.२ युनिट. आमच्या घराची दिवसाची गरज २.६५, आणि त्याच्या जवळजवळ निम्मं हा रोज स्वतःसाठी घेणार! जुलैमध्ये चार-चार दिवस ऊन दिसत नाही तेव्हा १.२ युनिट म्हणजे फ्रिज चालणार की नाही एवढा फरक. २४ व्होल्टचा २ केव्हीएचा पाहिला तर तो १८ वॉट खात होता, दिवसाला ०.४३ युनिट. माहितीपत्रकातली ती ओळ मला कुणी दाखवली नव्हती. घेणाऱ्याने आधी तीच शोधावी.

शिवाय चार बॅटऱ्या म्हणजे चोवीस सेल, चोवीस झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर बघायचं, आणि सिरीजमध्ये, म्हणजे व्होल्टेज वाढवायला एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला अशा जोडलेल्या बॅटऱ्यांत, एक बॅटरी दुबळी झाली की बाकीच्या तिघींनाही ती ओढत नेते. एकाच दिवशी, एकाच बॅचच्या चार सारख्या बॅटऱ्या मिळवणं आमच्या तालुक्यात कठीण. दोन मिळतात.

बॅटरीचा हिशोब असा झाला. २०० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये : २४ व्होल्ट, एएच २०० च राहतात, एकूण ४.८ युनिट. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे २.४. इन्व्हर्टरची तूट जाऊन हाताला लागतात दोन. रात्रीची गरज दोनच. त्याच दोन बॅटऱ्या पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडून १२ व्होल्टवर ठेवल्या तरी साठा तेवढाच, ४.८. हे मला बऱ्याच जणांना समजवावं लागतं. २४ केलं म्हणून वीज जास्त साठत नाही, आहे तीच वीज कमी करंटने बाहेर येते. घरातली जुनी १५० एएचची बॅटरी यात घेता आली नाही. जुनी-नवी जोडी लावली की नवीही जुनीच्या वाटेने जाते. ती शेजारच्या घरी दिव्यांसाठी देऊन टाकली.

पॅनल घेतली ३३५ वॉटची चार, बहात्तर सेलची. दोन-दोन सिरीजमध्ये, आणि त्या जोड्या पॅरलल. बरोबर ४० अँपिअरचा, १५० व्होल्टपर्यंतचा एमपीपीटी कंट्रोलर. एमपीपीटी पॅनलकडून जास्त व्होल्टेजने वीज घेतो आणि बॅटरीला हवी तशी उतरवून देतो, त्यामुळे अंगणातून ती ७५ व्होल्टवर येते, १८ अँपिअरच्या आत. ६ स्क्वेअर एमएमच्या वायरीत आता सव्वादोन-अडीच व्होल्ट पडतात, पण पंचाहत्तरातून. हा कंट्रोलर विकला जातो अँपिअरवर. ४० अँपिअर १२ व्होल्टच्या बॅटरीला दिले तर साधारण ५६० वॉट होतात, २४ च्या बॅटरीला ११०० पर्यंत. किंमत तीच! चार पॅनल मिळून १३४० वॉट, म्हणजे कडक उन्हात वरचं थोडं वाया जातं, ते मी मुद्दाम जाऊ दिलं. चौथं पॅनल पावसाळ्यासाठी आहे. २०० एएचच्या ट्युब्युलरला ४० अँपिअरपेक्षा जास्त द्यायचेही नाहीत.

जोडणी झाली २०२१ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी. माझ्या त्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी काय केलं असेल तर पान्याच्या मुठीला टोकापर्यंत काळी टेप गुंडाळली. "बाई, पाना दोन पोलवर आडवा पडला तर वितळून चिकटेल," म्हणाला. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून खिशात ठेवलं. पहिल्या बॅटरीचा मायनस दुसरीच्या प्लसला, मधली वायर आखूड, सगळे लग टूलने दाबलेले, वर पेट्रोलियम जेली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ८० अँपिअरचा फ्यूज. पॅनलच्या बाजूला डीसीचा एमसीबी, म्हणजे करंट फार झाला की आपोआप पडणारा स्विच. दुकानातून घरगुती एसीचा एमसीबी आणला होता, तो त्याने परत पाठवला. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, एमसीबीच्या आतच पेटत राहते. मी त्याला शाळेत शिकवलं आणि त्याने मला हे शिकवलं, याचा मला फार आनंद आहे.

परीक्षा तीन महिन्यांत झाली. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं. पहाटेच लाइन गेली. दोन दिवस आभाळ इतकं काळं की कंट्रोलरवर दुपारी ३ अँपिअर, कधी ४. पंखे लागत नव्हतेच, टीव्ही बंद, राउटर बंद. रात्री अकरा ते पहाटे पाच फ्रिज बंद ठेवायचा आणि दार उघडायचं नाही, असं आईंनीच ठरवलं. त्या रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन बॅटरीपाशी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी २४.१ व्होल्ट उरले होते, म्हणजे निम्म्याच्या जरा खालीच. साडेनऊला ढग फाटले आणि कंट्रोलरचा आकडा चढायला लागला, ११, १९, ३१. आई खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसल्या होत्या. इन्सुलिन फ्रिजमध्येच होतं.

एक चूक मात्र माझी मीच केली, ती सांगायला हवी, कारण २४ वर जाणारे पुष्कळ जण तीच करतात. राउटर १२ व्होल्टवर चालतो. त्याच्यासाठी इन्व्हर्टर कशाला चालू ठेवायचा म्हणून मी दोनपैकी एका बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट काढले आणि राउटर जोडला. दहा वॉट, एवढुसा लोड. तीन आठवड्यांनी पाणी बघायला झाकणं उघडली तर एका बॅटरीचं पाणी बोटभर खाली गेलेलं. हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता मोजणारी नळी; बॅटरी जितकी भरलेली तितकी ग्रॅव्हिटी जास्त) घातला : तिची ग्रॅव्हिटी १.२४०, आणि राउटर जोडलेल्या बॅटरीची १.१९०. कंट्रोलरला दोघींची बेरीज दिसते, २८.८. त्यात एक उपाशी आहे आणि दुसरीला तिच्या वाटणीचं जास्त जातंय, हे त्याला कळायला मार्गच नाही. रोजचे २० एएच एकीकडूनच जात होते. अर्धपोटी बॅटरी सुटी करून १२ व्होल्टच्या चार्जरवर दोन दिवस भरली, मग पुन्हा जोडली. राउटरसाठी २४ चे १२ करणारा छोटा डीसी कन्व्हर्टर घेतला, तो दोन्ही बॅटऱ्यांवरून वीज घेतो. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. फरक ०.१ च्या आत असला की पुढे बघायला लागत नाही.

विहिरीचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप मी सोलरवर घेतलेला नाही. चालू होताना तो क्षणभर चौपट-पाचपट करंट ओढतो, आणि तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर घेऊन वर्षभर त्याचं खाणं सोसायची माझी तयारी नाही. लाइन आहे तोवर टाकी भरून घ्यायची, नसेल तर रहाट आहे. ज्यांना पंप चालवायचाच आहे त्यांनी ४८ चा विचार जरूर करावा.

बॅटऱ्या आता थकत चालल्या आहेत, ग्रॅव्हिटी पूर्वीसारखी वर जात नाही. यंदा लिथियम घ्यायची आहे, आठ सेलची, २५.६ व्होल्ट, १०० एएच. लिथियम ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत उतरवता येते, त्यामुळे अडीच युनिटच्या साठ्यातही आमची रात्र निघते. पॅनल, कंट्रोलर, वायर, फ्यूज, राउटरचा कन्व्हर्टर, सगळं आहे तसंच राहील, कारण व्होल्टेज तेच आहे. फक्त कंट्रोलरची सेटिंग बदलावी लागेल, आणि आमच्या इन्व्हर्टरचा चार्जर लिथियमला चालतो का ते आधी बघावं लागेल. दुकानदार म्हणतो चालतो. माझ्या विद्यार्थ्याला मी येत्या रविवारी मीटर घेऊन बोलावलं आहे.